सार्वजनिक घरांचीं खासगी बिऱ्हाडें

इंग्लंडच्या एखाद्या जुन्या वस्तींतून चालतांना प्रवाशाला केव्हां केव्हां एक चमत्कारिक इमारत आढळते. ती बरोबर दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर उभी असते. शेजारच्या घरांपेक्षां तिचा खालचा मजला उंच. भिंतींना चकचकीत हिरव्या किंवा तपकिरी फरशा. माथ्यावर बियरच्या एखाद्या कारखान्याचें नांव कोरलेलें. दर्शनी भिंतींतून एक लोखंडी दांडा बाहेर आलेला, पण त्याला पाटी नाहीं. कोपऱ्यावरचें मोठें दार विटांनीं बुजविलेलें, आणि बाजूच्या लहान दाराजवळ मात्र घंटेचीं पांचसहा बटणें व त्यांच्या शेजारीं पांचसहा बिऱ्हाडकरूंचीं नांवें. ही इमारत एके काळीं पब होती. आज तिच्यांत सदनिका आहेत. अशा इमारती आज इंग्लंडांत गांवोगांवीं झाल्या आहेत.

श्रोतेहो, 'पब' हा 'पब्लिक हाउस' या दोन शब्दांचा संक्षेप आहे. त्याचा सरळ अर्थ 'सार्वजनिक घर'. सार्वजनिक घराचें खासगी घर होणें ही दिसावयास एका इमारतीच्या फेरफाराची गोष्ट. परंतु तिच्यामागें इंग्रजी समाजाचा सहासातशें वर्षांचा इतिहास उभा आहे. तो इतिहास थोडक्यांत सांगावा, आणि या फेरफारानें समाजाचें कांहीं जातें कीं काय याचा विचार करावा, एवढाच आजच्या भाषणाचा उद्देश आहे.

येथें आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत एक शंका येईल. दारूचें दुकान बंद होऊन तेथें चार कुटुंबें सुखानें राहूं लागलीं, तर त्यांत शोक करण्यासारखें काय आहे? शंका रास्त आहे. १९०८ सालीं पुण्यांत दारूबंदीची चळवळ झाली. लोकमान्य टिळकांनीं तिला बळ दिलें आणि स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढें उभे राहिले. १९४९ सालीं मुंबई प्रांतानें दारूबंदीचा कायदा केला. ज्या समाजाची अशी परंपरा आहे, त्याला पब बंद पडल्याची हळहळ वाटण्याचें सकृद्दर्शनीं कारण नाहीं. मीहि दारूची तरफदारी करण्यासाठीं हें भाषण करीत नाहीं. परंतु एखाद्या संस्थेचा इतिहास पाहतांना तेथें काय विकलें जात होतें एवढेंच पाहून भागत नाहीं; तेथें लोक कशासाठीं जमत होते हेंहि पाहावें लागतें. आपल्याकडे चावडी, पार, देवळाचा ओटा यांनीं जें काम केलें, त्यांतला बराचसा भाग थंड व पावसाळी इंग्लंडांत या घरांनीं छपराखालीं केला.

पबचा आरंभ घरापासूनच झाला, ही या इतिहासांतील पहिली ध्यानांत ठेवण्याची गोष्ट. मध्ययुगांत 'एल' नांवाचें जवाचें पेय रोजच्या आहाराचा भाग होतें व तें बहुतेक ठिकाणीं घरच्या बायकाच तयार करीत. तें फार दिवस टिकत नसे. म्हणून घरच्यापुरतें ठेवून उरलेलें शेजाऱ्यांना विकण्याची रीत पडली. पेय तयार झालें म्हणजे घरावर एक काठी लावून तिला पाल्याची जुडी बांधीत. ती दिसली कीं शेजारीपाजारी येत, घरांतच बसून पीत, चार शब्द बोलत आणि आपापल्या कामास जात. तेराव्या शतकांतील एका कायद्यानें पाव व एल यांचे भाव धान्याच्या भावाशीं बांधून दिले, आणि एल चाखून पाहणारे अंमलदार नेमले जाऊं लागले. नाटककार शेक्सपियर याचे वडील जॉन शेक्सपियर हे १५५६ सालीं स्ट्रॅटफर्ड गांवीं याच कामावर होते. १३९३ सालीं, दुसऱ्या रिचर्ड राजाच्या कारकीर्दींत, एल विकणाऱ्यानें घरावर खूण लावलीच पाहिजे असा लंडनमध्यें दंडक झाला. सिंह, मुकुट, हंस, नांगर अशा पबच्या रंगीत पाट्या आपण चित्रांतून पाहतों, त्यांच्या परंपरेला या दंडकानें बळकटी आली. पुढें १५५२ च्या कायद्यानें असें घर चालविण्यास मॅजिस्ट्रेटांचा परवाना लागूं लागला. शेजाऱ्याच्या घरांतील बैठकीवर राज्यसत्तेची नजर तेव्हांपासून कायमची बसली.

एल विकणाऱ्या या साध्या घरांखेरीज द्राक्षांची दारू विकणारीं 'टॅव्हर्न' आणि प्रवाशांना उतरावयास देणारीं 'इन', असे आणखी दोन प्रकार होते. कवि चॉसर याच्या काव्यांतील यात्रेकरू ज्या 'टॅबर्ड' नांवाच्या पथिकाश्रमांत जमतात, तो लंडनच्या सदर्क भागांत खरोखरीच होता. १६७६ च्या आगींत तो जळाला, पुन्हां बांधला गेला, आणि एकोणिसाव्या शतकांत पाडला गेला. त्याच्या शेजारचा 'जॉर्ज' मात्र वांचला. १९३७ पासून तो नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीचा आहे. अशीं घरें पडतात आणि कांहीं जपलीं जातात, हें आजचें नाहीं.

दुसरी महत्त्वाची तारीख १८३० ही होय. त्या वर्षीं वेलिंग्टनच्या मंत्रिमंडळानें असा कायदा केला कीं, ज्या करदात्या घरवाल्याला बियर विकावयाची असेल त्यानें दोन गिनी भराव्या आणि खुशाल विकावी. मॅजिस्ट्रेटाकडे जाण्याचें कारण नाहीं. जिनसारख्या कडक दारूपासून लोकांना सौम्य पेयाकडे वळवावें, आणि बियरच्या बड्या कारखानदारांचा मक्ता मोडावा, असा त्यांत हेतु होता. परिणाम काय झाला? पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे २४,००० परवाने दिले गेले. साध्या कामकऱ्यांनीं, विधवांनीं, लहान दुकानदारांनीं आपल्या घराच्या पुढच्या खोलींत दोन बाकें मांडलीं, मागें एक पिंप ठेवलें, आणि पब सुरू झाला. हा मोकळेपणा जवळजवळ चाळीस वर्षें टिकला. १८६९ च्या कायद्यानें मॅजिस्ट्रेटांचा अधिकार पुन्हां प्रस्थापित झाला. आज ज्या पबांचीं घरें होत आहेत म्हणून लोक हळहळतात, त्यांपैकीं पुष्कळ पब मुळांत घरेंच होतीं, हें यावरून लक्षांत येईल.

या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत आलेला आहे. पूर्व लंडनमधील बो या भागांत हॉजसन नांवाच्या घराण्यानें अठराव्या शतकाच्या मध्यास बियरचा कारखाना काढला. ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें जेथें नांगरत, तें ब्लॅकवॉल तेथून जवळच होतें. जहाजांचे कप्तान हॉजसनकडून लांब मुदतीच्या उधारीवर पिंपें घेत आणि तीं मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील गोऱ्या लोकांना विकीत. याच व्यापारांतून पुढें 'इंडिया पेल एल' हें नांव रूढ झालें. या कारखान्याजवळ बो रोडवर जो पब होता त्याचें नांव 'बॉम्बे ग्रॅब'. हा 'ग्रॅब' म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपली 'गुराब' होय. मूळ अरबी शब्द. तो मराठींत गुराब झाला आणि इंग्रजांच्या तोंडीं ग्रॅब. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारांत गुराबा आणि गलबतें हींच प्रमुख जहाजें होतीं, आणि मुंबईच्या इंग्रजांनींहि तशा गुराबा बाळगल्या. कोंकण किनाऱ्यावरच्या जहाजाचें नांव अशा रीतीनें लंडनच्या एका कोपऱ्यावर पाटीच्या रूपानें लटकत राहिलें. पुढें १९३३ सालीं हॉजसनचा तो जुना कारखाना पाडून त्या जागीं लंडन काउंटी कौन्सिलनें लोकांसाठीं बिऱ्हाडें बांधलीं. आणि 'बॉम्बे ग्रॅब' बंद झाल्यावर त्या वास्तूंत मशीद झाली. बियरचा कारखाना जाऊन गरिबांना घरें मिळालीं आणि पबच्या जागीं प्रार्थनास्थान झालें, याला केवळ ऱ्हास कोण म्हणेल? एका वास्तूचा उपयोग बदलला म्हणजे तें पापच झालें, असें समजण्याचें कारण नाहीं, हें या उदाहरणावरून दिसतें.

आतां पबचा जो प्रकार आपल्या डोळ्यांसमोर येतो, तो व्हिक्टोरिया राणीच्या काळचा. शहरें वाढूं लागलीं, शेतांतून नवे रस्ते पडले. घरें बांधणारा कंत्राटदार पुष्कळदां रस्त्याच्या कोपऱ्यावर पहिल्यानें पब बांधी. त्याचा पट्टा चांगल्या किमतीस विकला जाई, आणि त्या पैशांतून तो पुढचीं घरें उभारी. म्हणजे पबनें एका अर्थानें सबंध गल्ली बांधली. नक्षीच्या कांचा, शिसवी रंगाच्या लांकडाचे पडदे, मोठमोठे आरसे, रंगीत फरशा असा थाट त्यांत असे. कामकऱ्याच्या एका खोलीच्या बिऱ्हाडांत ना ऊब, ना उजेड. कोपऱ्यावरच्या या घरांत दोन्ही होतीं. दिवसभराच्या श्रमानंतर पाय तिकडे वळले तर नवल नव्हतें. दारूनें त्या कामकऱ्याच्या संसाराची धूळधाणहि पुष्कळदां झाली. त्याविरुद्ध इंग्लंडांत मद्यपाननिषेधाची चळवळ उभी राहिली, आणि १९०४ च्या कायद्यानें जादा ठरलेले परवाने नुकसानभरपाई देऊन रद्द करण्यास सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धांत तर १९१६ सालीं कार्लाइल गांवचे पब सरकारनेंच ताब्यांत घेतले. तो प्रयोग १९७३ पर्यंत चालला. पब कमी व्हावेत असें एके काळीं राज्यकर्त्यांचेंच धोरण होतें, हें विसरतां कामा नये.

पण या घराला वरचा मजला होता, आणि त्या मजल्यावर एक मोठी खोली असे. या वरच्या खोलीचा इतिहास वेगळा लिहावा इतका मोठा आहे. १७९२ सालीं टॉमस हार्डी नांवाच्या चांभारानें कामकऱ्यांना मताधिकार मिळावा म्हणून 'लंडन करस्पाँडिंग सोसायटी' काढली, ती स्ट्रँडजवळच्या 'बेल' या पबांत. भूगर्भशास्त्राचें पहिलें मंडळ १८०७ सालीं 'फ्रीमेसन्स टॅव्हर्न' मध्यें स्थापन झालें. आणि त्याच जागीं २६ ऑक्टोबर १८६३ रोजीं जमलेल्या मंडळींनीं फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. कामकऱ्यांच्या संघटना, आजारपणांत व मरणांत मदत करणारे वर्गणीचे फंड, गायनमंडळें, क्रिकेटचे संघ यांच्या सभा येथेंच भरत. अपमृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर आणि त्याचे पंचहि पुष्कळदां पबमध्येंच बसत; कारण गांवांत तेवढी मोठी खोली दुसरी नसे. दुसरीकडे सभागृहाचें भाडें भरण्याची ऐपत नसलेल्या माणसाला येथें पेल्याच्या किमतींत सभागृह मिळे. सदनिका होतांना जें प्रथम नाहींसें होतें, तें हें सभागृह होय.

तथापि हें सार्वजनिक घर सर्वांचें होतें असें मानणें भाबडेपणाचें होईल. एकाच पबमध्यें कामकऱ्यांची खोली वेगळी आणि पांढरपेशांची वेगळी असे. दारें वेगळीं, भाव वेगळा. स्त्रियांना कित्येक ठिकाणीं मज्जाव. फ्लीट स्ट्रीटवरील एका प्रसिद्ध मद्यगृहांत स्त्रियांना काउंटरपाशीं उभें राहण्याचा हक्क अपील कोर्टाच्या निकालानें मिळाला, तो १९८२ सालीं. वर्णभेदहि होता. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक गांवीं हिंदी कामकऱ्यांना कांहीं पबांत जागा मिळत नसे. तेथील इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या आमंत्रणावरून अमेरिकन निग्रो पुढारी माल्कम एक्स फेब्रुवारी १९६५ मध्यें त्या गांवीं आले, तेव्हां त्यांनाहि 'ब्लू गेट्स' या पबच्या एका खोलींत पेय नाकारण्यांत आलें. त्याच वर्षीं सार्वजनिक ठिकाणीं असा भेद करण्यास बंदी करणारा कायदा पार्लमेंटनें केला. 'सार्वजनिक' हें विशेषण या घराला पाटीवरून मिळालेलें नाहीं. तें त्याच्याकडून हळूहळू, भांडून, वसूल करावें लागलें. आणि नेमकें तें वसूल होत आलें असतां हीं घरें बंद पडूं लागलीं, हा इतिहासाचा एक चमत्कारिक योग आहे.

तीं बंद कां पडूं लागलीं? कारणें अनेक आहेत. लोक घरीं बसून पिऊं लागले. मोठ्या दुकानांतून बियर स्वस्त मिळूं लागली. १९६७ पासून मोटार हांकणाऱ्याच्या श्वासाची तपासणी सुरू झाली, तिचा फटका खेड्यांतील पबांना बसला. १ जुलै २००७ पासून इंग्लंडांत पबच्या आंत धूम्रपान बंद झालें. मार्च २०२० मध्यें साथीमुळें सर्वच पब कांहीं काळ बंद ठेवावे लागले. पण या सर्वांहून खोल कारण मालकीचें आहे. बहुतेक पब बियरच्या कारखानदारांच्या मालकीचे असत, आणि चालविणाऱ्या कुळानें त्याच कारखान्याची बियर घ्यावी असें बंधन असे. हा मक्ता मोडण्यासाठीं १९८९ सालीं सरकारनें हुकूम काढला कीं, २,००० हून अधिक पब असणाऱ्या कारखानदारानें त्यावरील संख्येच्या निम्मे पब मोकळे करावेत. कारखानदारांनीं ते विकले. घेणारे कोण? बियर न गाळणाऱ्या, केवळ पबांची मालकी करणाऱ्या नव्या कंपन्या. त्यांनीं ही खरेदी मुख्यतः कर्ज काढून केली होती. कर्जाचें ओझें वाढलें तसे त्यांनीं पब विकावयास काढले. कारखानदाराला पब म्हणजे आपला माल खपविण्याची जागा होती. नव्या मालकाला ती निव्वळ मिळकत होती. २००० सालीं ब्रिटनमध्यें सुमारे ६०,००० पब होते. २०२० च्या सुमारास ते सुमारे ४७,००० राहिले.

मिळकत म्हटली कीं हिशेब सोपा होतो. लंडनसारख्या शहरांत घरांची टंचाई इतकी कीं, चांगला चालणाऱ्या पबपेक्षांहि त्याच जागेंतील सदनिकांची किंमत पुष्कळ अधिक येते. म्हणून बंद पडलेलेच नव्हे, तर चालते पबहि बंद पाडले जाऊं लागले. कायदाहि फारसा आड येत नसे. पबचें थेट घर करावयाचें तर परवानगी लागे. परंतु त्याचें दुकान किंवा कचेरी करण्यास परवानगी लागत नसे, आणि संरक्षित यादींत किंवा संरक्षित भागांत नसलेला पब पाडून टाकण्यासहि सहसा अडचण नसे. एकदां पब नाहींसा झाला कीं, रिकाम्या जागेवर घरें बांधूं द्या असें म्हणावयास तोंड मोकळें होई.

हा फेरफार प्रत्यक्षांत होतो कसा, तेंहि पाहण्यासारखें आहे. खालचा उंच दालनवजा मजला पडद्या घालून दोनतीन बिऱ्हाडांत वांटतात. उंची फार असली तर मध्यें माळा काढतात. मोठमोठ्या खिडक्यांच्या कांचा अर्ध्यापर्यंत धुरकट असतात, कारण आंतले पिणारे रस्त्यावरून दिसूं नयेत. त्याच आतां बिऱ्हाडकरूचा आडोसा होतात. पिंपें उतरविण्यासाठीं फुटपाथवर जें झडपेचें दार असे तें बुजवितात. तळघर थंड असावें अशाच बेतानें बांधलेलें असतें. बियरला जें हितकर तें माणसाला अहितकर, म्हणून ओल काढण्यास व उजेड आणण्यास सर्वांत अधिक खर्च तेथें येतो. पबचालकाचें कुटुंब वरच्या मजल्यावर राहत असे, तो भाग मात्र थोडक्या कामांत घर होतो. कारण तो घरच होता. कांहीं मालक खालीं पब ठेवून फक्त वरच्या मजल्यावर सदनिका काढतात. हा मध्यम मार्ग दिसतो, पण त्यांतहि मेख आहे. पबचालकाचें बिऱ्हाड आणि सभेची खोली जाते. वरती राहावयास आलेली मंडळी खालच्या गाण्याबजावण्याविरुद्ध तक्रार करतात. आणि कांहीं वर्षांत खालचा पबहि बंद होतो. म्हणून २०१८ च्या सरकारी नियोजन धोरणांत असें तत्त्व घातलें गेलें कीं, जुन्या व्यवसायाशेजारीं जो नवीं घरें बांधील त्यानेंच आवाजाचा बंदोबस्त करावा.

या झगड्यांतील सर्वांत गाजलेलें प्रकरण लंडनच्या मेडा व्हेल भागांतील 'कार्लटन टॅव्हर्न' या पबचें. पहिल्या महायुद्धांत, १९१८ सालीं, त्या जागचा जुना पब जर्मन बाँबनें उद्ध्वस्त झाला होता. त्या ठिकाणीं १९२०–२१ मध्यें चॅरिंग्टन या कारखान्यानें ही नवी इमारत बांधली. दुसऱ्या महायुद्धांतील बाँबवर्षावांत आसपासची घरें गेलीं, ती मात्र उभी राहिली. पुढें ती एका बांधकाम कंपनीनें विकत घेतली व तेथें सदनिका बांधण्यासाठीं अर्ज केला. वेस्टमिन्स्टर कौन्सिलनें २०१५ च्या आरंभीं तो नाकारला. इमारतीला संरक्षित वास्तूंच्या यादींत घालावें अशी शिफारस व्हावयाच्या बेतांत होती. इतक्यांत, एप्रिल २०१५ मध्यें, सामानाची मोजदाद करावयाची आहे असें सांगून पब एक दिवस बंद ठेवण्यांत आला, आणि कौन्सिलला न कळवितां यंत्रें लावून ती इमारत जमीनदोस्त करण्यांत आली. चालविणारी बाई परत आली तेव्हां तिच्या घराचा ढिगारा झाला होता.

अशा वेळीं बहुधा दंड होतो, मालक तो भरतो, आणि पुढें काम चालूं राहतें. येथें तसें झालें नाहीं. शेजाऱ्यांना आधींच संशय आला होता. त्यांनीं सरकारी वास्तुसंशोधकांना बोलावून इमारतीचीं मोजमापें, छायाचित्रें व नक्षीचे ठसे घेऊन ठेवविले होते. त्या आधारावर कौन्सिलनें हुकूम काढला कीं, पाडलेली इमारत जशीच्या तशी, विटेला वीट लावून, पुन्हां बांधावी. कंपनीनें अपील केलें. २०१६ सालीं चौकशी होऊन हुकूम कायम झाला. ढिगाऱ्यांतून निघालेलें सामान वापरून, त्याच फरशा, तीच पाटी, तेंच छत अशा रीतीनें तो पब पुन्हां उभा राहिला व एप्रिल २०२१ मध्यें उघडला. शत्रूच्या बाँबमधून वांचलेली इमारत मालकाच्या हातून पडली, आणि शेजाऱ्यांच्या चिकाटीनें उठली.

दुसरें उदाहरण अधिक शांत, पण अधिक दूरगामी आहे. दक्षिण लंडनमधील ननहेड येथील 'आयव्ही हाउस' हा पब २०१२ सालीं एकाएकीं बंद झाला; जागा बांधकाम करणाऱ्यांकडे जाणार व तेथें सदनिका होणार हें उघड होतें. त्याच सुमारास २०११ चा स्थानिक स्वराज्याचा नवा कायदा अमलांत आला होता. त्यान्वयें एखादी वास्तु 'समाजोपयोगी मिळकत' म्हणून नोंदविली, तर ती विकतांना स्थानिक लोकांना पैसे जमविण्यास सहा महिन्यांची मुदत द्यावी लागते. ननहेडच्या लोकांनीं या कायद्याखालीं आपला पब नोंदविला. अशी नोंद झालेला तो देशांतील पहिलाच पब. त्यांनीं कर्ज उभारलें, ३७० हून अधिक भागीदार जमविले, आणि २०१३ सालीं पब विकत घेतला. त्यापूर्वीं २००३ सालींच कंब्रिया प्रांतांतील हेस्केट न्यूमार्केट या खेड्यानें आपला 'ओल्ड क्राउन' सहकारी पद्धतीनें घेतला होता. सहकाराची आपल्याकडील परंपरा पाहतां या गोष्टीचें महाराष्ट्रीयांस विशेष कौतुक वाटावें. ज्यांना संस्था हवी त्यांनीं ती हवी असें केवळ म्हटलें नाहीं. तिच्यासाठीं खिशांत हात घातला.

या प्रकरणांचा परिणाम कायद्यावर झाला. मे २०१७ पासून इंग्लंडांत कोणताहि पब पाडावयाचा असो, किंवा त्याचें दुकान, कचेरी अथवा घर करावयाचें असो, परवानगी घेतल्याखेरीज तें करतां येत नाहीं. २०२१ च्या लंडनच्या नगररचना आराखड्यांत पबांच्या रक्षणाचें एक स्वतंत्र कलमच आहे. पब म्हणून ही जागा वाजवी किमतीस निदान चोवीस महिने विकावयास ठेवली होती व कोणी पुढें आला नाहीं, असें मालकानें दाखवावें, मगच तिचा उपयोग बदलण्याचा विचार व्हावा, अशी त्यामागची अपेक्षा आहे.

आतां न्यायबुद्धीनें विचार करूं. एका बाजूला घरांची टंचाई आहे, आणि ती कांहीं काल्पनिक नाहीं. ज्या तरुण जोडप्याला शहरांत छप्पर मिळत नाहीं, त्याला रिकाम्या पबचें रक्षण ही चैन वाटली तर त्याचा दोष नाहीं. दारें बंद, कांचा फुटलेल्या, छतांतून पाणी गळतें आहे, अशा स्थितींत वर्षानुवर्षें पडून राहण्यापेक्षां त्या वास्तूंत दिवे लागावेत, मुलें खेळावींत, हें केव्हांहि चांगलें. शिवाय पाडण्यापेक्षां फेरफार बरा; निदान भिंती, फरशा व कोरलेलें नांव राहतें, आणि गल्लीला आपला कोपरा ओळखतां येतो. मूळचें जें घर होतें तें पुन्हां घर झालें, तर काळाचें चक्र एकदां फिरलें एवढेंच.

दुसऱ्या बाजूला, चालती संस्था केवळ जागेच्या किमतीसाठीं मारणें ही गोष्ट निराळी आहे. तेथें बदल काळानें केलेला नसतो. हिशेबाच्या वहींनें केलेला असतो. दहा सदनिकांनीं दहा कुटुंबांना आसरा मिळतो. पण त्या दहा कुटुंबांना एकमेकांची तोंडओळख होण्याची जागा त्याच कामांत नाहींशी होते. घर माणसाला आंत घेतें. शेजार त्याला बाहेर काढतो. आणि गांवाला दोन्ही लागतात. एक विकून दुसरें वाढविलें तर वस्तीची लोकसंख्या वाढते, पण गांव वाढत नाहीं.

म्हणून माझ्या मतें इंग्लंडच्या नव्या कायद्याचें खरें मोल पब वांचविण्यांत नाहीं. पुष्कळ पब त्यानेंहि वांचणार नाहींत, आणि सर्वच वांचावेत असेंहि नाहीं. त्याचें मोल इतकेंच कीं, पूर्वीं जो निर्णय मालक एकटा रात्रींत करीत असे, तो आतां दिवसाढवळ्या, शेजाऱ्यांना विचारून करावा लागतो. मरणाऱ्या संस्थेला वैद्य तरी बोलावला जातो. तो नाडी पाहून 'संपलें' म्हणाला, तर खुशाल त्या घराचीं बिऱ्हाडें करावींत. तो 'अजून धुगधुगी आहे' म्हणाला, तर ननहेडच्या लोकांप्रमाणें कोणीतरी पुढें यावें.

आपल्याकडे पब नाहींत असें आतां म्हणवत नाहीं. पण आपला प्रश्न त्यांचा नव्हे. आपले पार, तालमी, वाचनालयें, वाड्यांचे चौक, चाळींचीं मोकळीं अंगणें यांच्याहि जागा आज मोलाच्या झाल्या आहेत, आणि त्यांच्यावर मजले चढत आहेत. त्यांत दारूचा प्रश्न नाहीं, म्हणून आपल्याला निर्णय अधिक सोपा असावयास पाहिजे. घरें बांधावींतच, माणसांना घरें पाहिजेत. पण नकाशा काढतांना एवढें विचारावें कीं, हीं सारीं माणसें घराबाहेर पडल्यावर एकमेकांना भेटणार कोठें? त्या प्रश्नाला नकाशांत उत्तर नसेल, तर तो नकाशा अजून पुरा झालेला नाहीं.